खोका, पत्रिका, मिसळीचा बोर्ड आणि स्वतःची अक्षरं – सगळ्याला एकच प्रोसेस चालते का?

वाड्यातला_पोरगा (नाशिक)

नमस्कार मंडळी. अप्लाइड आर्ट केलं, पुण्यात एका एजन्सीत होतो, आता नाशिकला घरूनच फ्रीलान्स ग्राफिक डिझायनिंग करतो. प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आत्ता टेबलावर काय काय पडलंय ते आधी सांगतो म्हणजे अंदाज येईल. दिंडोरीच्या एका बागायतदाराचा एक्स्पोर्टच्या द्राक्षांचा खोका, गंगापूर रोडला निघणाऱ्या मिसळीच्या हॉटेलचं लोगो, बोर्ड, मेनूकार्ड सगळंच, अंबडच्या एका मशीन शॉपचं कॅटलॉग, मावसभावाच्या लग्नाची पत्रिका (याचे पैसे मागायची सोय नाही हे तुम्हाला माहितीये) आणि या सगळ्यात माझं स्वतःचं एक काम. मेन रोड, सराफ बाजार, भद्रकाली या पट्ट्यात अजून हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या शिल्लक आहेत, त्यांचे फोटो काढतोय आणि त्यातून अक्षरं काढतोय, जमलं तर पुढे त्याचा फॉन्ट करायचा विचार आहे.

तर कॉलेजात एक प्रोसेस डोक्यात बसलीये. ब्रीफ (क्लायंटला काय हवंय ते) घ्या, रिसर्च करा, मूडबोर्ड (रंग-फोटो-अक्षरांचे नमुने एकत्र) लावा, थंबनेल (छोटी कच्ची रेखाटनं) काढा, तीन ऑप्शन द्या, करेक्शन, फायनल. पुण्यात ते चालायचं कारण समोरच्या कंपनीतही मार्केटिंगचा माणूस असायचा आणि त्याला ती भाषा कळायची. इथे अंबडच्या शेठना मूडबोर्ड दाखवला तर ते शांतपणे सगळा बघून म्हणाले, "छान आहे, पण यात माझं मशीन कुठंय?" आता याला काय उत्तर देणार. पत्रिकेत रिसर्च कसला करायचा? आणि द्राक्षवाल्यांना तीन ऑप्शन दिले तर ते तिन्ही घरच्या ग्रुपवर टाकतात आणि मग आत्याबाईंपासून सगळ्यांची मतं येतात.

स्वतःच्या कामाचं तर उलटंच आहे. तिथे कुणी ब्रीफच देत नाही त्यामुळे ते कुठे थांबायचं तेच कळत नाही, फोटोंचा फोल्डर फुगत चाललाय आणि बाहेर काहीच पडत नाहीये.

म्हणजे मुद्द्याचं असं की तुम्ही कामागणिक वेगळी प्रोसेस ठेवता का? काम हातात आल्यावर अगदी सुरुवातीला काय करता, कागद, कॉम्प्युटर, का आणखी काही? आणि स्वतःसाठी केलेलं काम क्लायंटच्या कामात कुठे उपयोगाला येतं का, का ते नुसतं मनाचं समाधान?

---

शाई_आणि_कागद

भाऊ, मी डिझायनर नाही, प्रेसला प्रीप्रेस बघतो, म्हणजे तुम्ही लोक रात्री दोन वाजता "फायनल फायनल २" नावाची जी फाइल पाठवता ती सकाळी उघडणारा माणूस. त्यामुळे माझं उत्तर शेवटाकडून येणार.

माझं म्हणणं एवढंच की काम कुठे जाऊन संपणार आहे ते आधी बघ आणि तिथून मागे ये. खोक्याचंच घे. कोणी काही काढायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, छपाई थेट पुठ्ठ्यावर फ्लेक्सोने आहे का ऑफसेटला छापलेला कागद वरून चिकटवणारेत? हे दोन वेगळे खोके आहेत. कागद चिकटवणार असतील तर फोटो टाक, शेड टाक, घडाचे मणी चमकव, सगळं येईल. थेट फ्लेक्सो असेल तर रबरासारखी मऊ प्लेट पुठ्ठ्यावर दाबली जाते, बारीक रेघ पसरते, गडद रंगातून काढलेली छोटी पांढरी अक्षरं भरून जातात, आणि आतल्या नळ्यांच्या बारीक पट्ट्या मोठ्या सॉलिड रंगात स्पष्ट दिसतात. दोन रंग एकमेकांना खेटून ठेवलेस तर मध्ये फट पडणार हे धरूनच चाल. ब्राऊन पुठ्ठ्यावर रंग पिऊन जातो, तुझा स्क्रीनवरचा पोपटी तिथे शेवाळी होतो. बारकोड असेल तर त्याच्या पट्ट्या छपाईच्या दिशेनेच ठेवायच्या, आडव्या ठेवल्या तर पसरतात आणि स्कॅनर वाचत नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस मुळात वेगळंच चित्र काढतो, ठसठशीत, दोन रंगांतलं, मोकळी जागा ठेवलेलं. म्हणजे मशीन इथे डिझाइनच करतंय अर्धं.

कॅटलॉगला परत वेगळं. अंबडच्या शेठचं बरोबर आहे खरं तर. कॅटलॉग घेणारा परचेसचा माणूस मशीनची मापं बघतो, बेड साइज, मोटर, वजन. म्हणून पहिलं काम टेबल मांडायचं, तक्ता नीट बसला की पान आपोआप उभं राहतं. आणि बाबांनो, बारीक मजकूर चार कलरच्या काळ्यात देऊ नका, निव्वळ काळ्यात द्या, रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की अक्षराला लाल-निळी सावली येते आणि शिव्या प्रेसवाल्याला पडतात. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), फोटो ३०० डीपीआय. फ्लेक्सच्या बॅनरला मात्र एवढं नको, तो लांबून बघायचा असतो, वीस फुटी बोर्डाची ३०० डीपीआयची फाइल आणून लोक आमचा कॉम्प्युटर झोपवतात.

भगव्याबद्दल पण बोलतो कारण २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय आणि आता सगळ्यांनाच भगवं काहीतरी हवंय. मोबाइलवरचा तो पेटलेला केशरी चार कलरच्या छपाईत येत नाही, येऊच शकत नाही, तो मातकट होतो. कुणाला तोच हवा असेल तर स्पॉट कलर (आधीच मिसळून केलेली वेगळी शाई) घ्या, पाचवी प्लेट लागेल, खर्च सांगून टाका आधीच. सुरुवातीलाच छापलेलं शेडकार्ड क्लायंटच्या हातात ठेवायचं, स्क्रीन दाखवायचीच नाही.

आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमात जायच्या आधी छपाईतलेच होते बरं का, ब्लॉक करायचे, लिथोचं काम करायचे. म्हणून म्हणतो, प्रेसला येऊन बसत जा अधूनमधून. चहा आमच्याकडे.

---

अनुस्वार

शाईदादांचं पटतंय पण सगळं नाही. पृष्ठभागापासून सुरुवात करायची हे छपाईवाल्याचं सत्य झालं. माझ्याकडे त्याच्याही आधी एक पायरी असते आणि ती म्हणजे समोरच्याचं बोलणं. मी पॅकेजिंग आणि ब्रँडिंग करते, बरीच वर्षं झाली, आणि ब्रीफचा फॉर्म भरून घेणं मी कधीच सोडून दिलंय. फॉर्ममध्ये लोक "प्रीमियम", "मॉडर्न पण ट्रॅडिशनल" असलं लिहितात, त्यातून काही कळत नाही. बोलायला लागले की खरं बाहेर येतं.

मिसळीचं घे. मालकाला विचार की सकाळी पहिलं गिऱ्हाईक कोण असतं, कॉलेजची पोरं, का रविवारी कुटुंब घेऊन येणारे, का शेतातली चूल-मडकी-झोपाळा बघायला येणारे. नाशिकला मिसळ म्हणजे सकाळचा कार्यक्रमच आहे, त्यात काळ्या मसाल्याची, लाल रश्श्याची, चुलीवरची असे पंथ आहेत आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. तो मालक स्वतःच्या रश्श्याबद्दल काय शब्द वापरतो ते जसेच्या तसे लिहून घे. एका क्लायंटने मला रश्श्याबद्दल सांगितलं होतं, "आमच्या तर्रीला घाई नाही". बास, मला त्यातून पूर्ण काम सापडलं, अक्षरं रुंद, संथ, शिरोरेघ जाड, रंग काळपट तांबडा, आणि मिरचीचं चित्र कुठेच नाही. मिरची काढायची नाही हा निर्णयसुद्धा त्या वाक्यामुळेच झाला.

आता तुझ्या बोर्डाबद्दल. दुकानाच्या पाटीवर नाव देवनागरीत मराठीत हवं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही, २०२२ च्या दुरुस्तीपासून हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. त्यामुळे इंग्रजी लोगो करून मग मराठी "बसवायचं" हा उद्योग बंद कर, मराठीतून सुरू कर. बहुतेक जण इंग्रजी अक्षरांचे तुकडे कापून देवनागरीला चिकटवतात आणि मग "प" लंगडा दिसतो. देवनागरीचा जीव जाड-बारीक कुठे येतं त्यात आहे, ते बोरूच्या तिरक्या टोकातून आलंय. एकदा बोरू नाहीतर कटनिबने ते नाव पानभर लिहून काढ, हाताला कळतं कुठे जाड यायला पाहिजे. आणखी बारीकसारीक: अक्षरांतलं अंतर सॉफ्टवेअरमधून वाढवलंस तर शिरोरेघ तुटते, हाताने जोडावी लागते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोड. आणि ल, श मराठी वळणाचे घे रे बाबा, शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून तेच वळण ठरवून दिलंय, तरी निम्म्या नाशिकच्या पाट्यांवर हिंदी ल लटकलेला असतो कारण फॉन्ट उघडला की तो आधी येतो. चांगल्या फॉन्टात दोन्ही असतात, भाषा मराठी निवडायची असते एवढंच.

मेनूकार्डात रेट बदलणार, वर्षातून दोनदा तरी बदलणार, आणि मग मालक निळ्या पेनाने खोडून लिहिणार, हे आत्ताच धरून चाल. रेटची वेगळी उभी पट्टी ठेव म्हणजे तेवढं स्टिकर मारता येईल.

आणि तो उद्या मसाल्याची पाकिटं विकायला काढेल, काढतातच सगळे. तिथे माझी प्रोसेस पूर्ण उलटी असते. आधी सक्तीचं सगळं मांडायचं, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, घटक, पॅकिंगची तारीख, आणि उरलेल्या जागेत कला. आधी कला केली की मग हे सगळं मागच्या बाजूला मुंगीएवढं होऊन बसतं आणि पाकीट परत छापावं लागतं.

मूडबोर्डाला मी विरोध करत नाहीये. तो स्वतःसाठी करावा, क्लायंटला दाखवू नये एवढंच.

---

वाड्यातला_पोरगा

अनुस्वारताई, "घाई नाही" वाचून मी मालकांना लगेच फोन लावला. ते म्हणाले "आमची मिसळ घरच्यासारखी आहे". आता या "घरच्यासारखी"चं काय करू 😅

शाईदादा, खोक्याची छपाई विचारतो. आणि पत्रिकेवर पण कुणीतरी बोला ना, मावशीचे दिवसाला चार फोन येतायत.

---

अनुस्वार

विचार की घरात ती कोण करतं. "घरच्यासारखी" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी मिसळ होतच नाही. ज्यांच्याकडे होते ते पुढे अर्धा तास बोलतात, तिथे वही उघड.

---

श्रीकृपेकरून

पत्रिकेवर मी बोलतो, माझं पोट त्याच्यावर आहे. सीझनला दुसरं काही करत नाही.

पत्रिकेत डिझाइन सगळ्यात शेवटी येतं. पहिलं काम नावांचं. वराकडची का वधूकडची पत्रिका, वर गणपती की कुलदैवत, किती कुलदैवतं, "आमचे येथे श्रीकृपेकरून" ठेवायचं का सरळ साध्या भाषेत, मग चि. आणि चि. सौ. कां., मग आजी-आजोबा हयात आहेत का नाहीत त्याप्रमाणे मजकूर, मग आपले विनीत, मग निमंत्रक, मग काका-मामांची उतरंड. कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून सोयरिकी ताणल्या गेलेल्या मी बघितल्यात. म्हणून मी पहिल्या बैठकीत डिझाइनची एकही फाइल उघडत नाही, कोरा कागद घेतो आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईसमोर बसतो. पुरुषमंडळी "टाका कसंही" म्हणतात आणि छापून आल्यावर तेच चिडतात. आजी मात्र सगळी यादी क्रमाने सांगते. तो क्रम हाच तुझा ले-आउट, ज्याला तुम्ही लोक हायरार्की म्हणता ना ते आजीने आधीच करून ठेवलेलं असतं.

मजकूर लेखी घ्यायचा आणि खाली सही घ्यायची, नात्यातला असेल तरी, किंबहुना नात्यातला असेल तर नक्कीच. मुहूर्ताची वेळ आणि वार कॅलेंडर समोर ठेवून तपासायचे, तारीख एक आणि वार दुसराच असं येतं कितीदा. जुन्या श्रीलिपी फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे होतात, आडनावं तेवढी मोठ्याने वाचून घ्यायची, स्क्रीनकडे नुसतं बघून चूक दिसत नाही. सोनेरी फॉइल मारणार असशील तर बारीक नाजूक अक्षरं नकोत, फॉइल एकतर धरत नाही नाहीतर भरून जातं.

कला करायला जागा एकच असते, लहान मुलांची ती ओळ, "आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं", तिथे घरचे काहीही चालवून घेतात. माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रांतली बरीचशी त्या ओळीच्या बाजूला आहेत. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायची पत्रिका वेगळी कर, छापलेलीच छोटी करून पाठवलीस तर काकांना चष्मा लावूनही वाचता येत नाही आणि मग तुलाच फोन, "कार्यालय कुठलंय रे".

---

द्राक्षवाला_निफाड

मी डिझायनर नाही आणि प्रेसवाला पण नाही, खोके विकत घेणारा आहे. हा विषय दिसला म्हणून थांबलो.

दिंडोरीच्या भाऊंचं काम घेतलंय तर पहिले त्यांच्या पॅकहाउसला जा. जानेवारी ते एप्रिल सीझन असतो, माल सुरू असतानाच जा, ऑफ सीझनला जाऊन काही दिसणार नाही. आमच्याकडे बाया टेबलाशी उभ्या राहून घड कात्रीने साफ करतात, अर्धा किलोच्या पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) भरतात, दहा पनेटचा पाच किलोचा खोका होतो, आत सल्फरचा पॅड पडतो, मग प्रीकूलिंग आणि मग कोल्ड स्टोरेजला शून्याच्या आसपास. खोका थंडीतून बाहेर आला की त्याला घाम फुटतो. आता तिथे बघ की तुझं डिझाइन नेमकं कुणाला दिसतंय. पॅलेटवर खोके एकावर एक चढतात, वरचं झाकण कुणालाच दिसत नाही, दिसते ती कडेची छोटी बाजू. आणि त्याच छोट्या बाजूवर ट्रेसेबिलिटीचं लेबल लागतं, युरोपला जाणाऱ्या मालाची ग्रेपनेटवर (द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर) नोंद असते, प्लॉटपासून सगळं शोधता यायला पाहिजे, त्यामुळे ते लेबल चुकवता येत नाही.

मागे एका डिझायनरने आम्हाला लय भारी खोका करून दिला. झाकणावर बागेचं मोठं चित्र, आणि कडेला बरोबर मध्यभागी लोगो. लेबल लावणाऱ्या पोरीने सरळ लोगोवर लेबल चिकटवलं, कारण सपाट मोकळी जागा तिला तीच दिसली. तिची काय चूक? सगळा कंटेनर तसाच गेला. तेव्हापासून मी पहिले विचारतो लेबलला जागा कुठे ठेवली ते दाखव, चौकट आखून दे, बाकी नंतर बोलू.

आणि तीन ऑप्शन देऊ नका हो. एकच द्या आणि का ते सांगा. आम्ही डॉक्टरकडे जाऊन तीन औषधांतलं एक निवडत नाही. तीन दिले की आम्हाला वाटतं तुम्हालाच नक्की माहिती नाही, म्हणून आम्ही घरच्या ग्रुपवर टाकतो.

---

नाशिकरोडची_सध्या_बंगळुरू

एकच ऑप्शन हे मोठ्या कंपनीत चालत नाही दादा, तिथे निवडायला मिळालं नाही तर मॅनेजरला आपण काहीच केलं नाही असं वाटतं 😄 पण मालक स्वतः समोर असेल तर बरोबर आहे तुमचं.

मी अॅपचं डिझाइन करते, त्यामुळे खोका-पत्रिका यातलं काही कळत नाही. एकच जोडते. आजकाल क्लायंट स्वतःच एआयने चित्र काढून आणतात, "असंच पाहिजे" म्हणून, आणि त्यातली देवनागरी म्हणजे अक्षरासारखं दिसणारं काहीतरी असतं, ना अ ना आ. वाद घालायचा नाही. चित्र समोर ठेवून विचारायचं यातलं नेमकं काय आवडलं, रंग का जागा का मूड. उत्तर बऱ्याचदा भलतंच निघतं, एकाला फक्त मागची भिंत आवडली होती. मूडबोर्डपेक्षा ते बरं, त्यांनी स्वतः आणलंय त्यामुळे त्यावर बोलायला लाजत नाहीत.

---

पेंटरची_लेक

वाड्यातल्या पोरा, तुझ्या पाट्यांच्या कामावर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माझे वडील बोर्ड पेंटर होते, नाशिकलाच, आणि तू ज्या गल्ल्यांत फिरतोयस तिथे त्यांचंही काम असेल कदाचित.

पप्पांची पद्धत सांगते. नाव कागदावर लिहून घ्यायचे, मग अक्षरं मोजायचे, पण नुसती अक्षरं नाही, वेलांट्या, काने, रफार सगळ्यांची जागा धरून. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि दुकानाकडे बघत बसायचे, गिऱ्हाईक कुठून येतं, झाड आडवं येतं का, दुपारी ऊन कुठे पडतं. मालकाला वाटायचं पेंटर टाइमपास करतोय. मग पत्र्यावर खडूत बुडवलेला दोरा ताणून टणकन सोडायचा, सरळ रेघ उमटते, एक शिरोरेघेची आणि एक खालची. हाताखाली काठी टेकवायची, चपटा ब्रश, इनॅमल पेंट. शिरोरेघ एका दमात ओढायचे, मध्ये कुणी हाक मारली तरी बघायचे नाहीत. सावली शेवटी, रंग वाळल्यावर, आणि सावली कुठल्या बाजूला हे त्या भिंतीवर खरं ऊन कुठून येतं त्यावरून ठरायचं. वर शाईदादा आणि द्राक्षवाले काका जे सांगतायत ना, कुठे लागणार, कोण बघणार, ते आमच्या घरी कोणी प्रोसेस म्हणून शिकवलं नव्हतं पण तेच चालायचं.

आता तुझ्या फोल्डरचं. फॉन्ट करायचा हे एवढं मोठं ठेवलंस म्हणूनच ते अडलंय. देवनागरीचा फॉन्ट म्हणजे अ ते ज्ञ नाही रे, जोडाक्षरं आली, श्र क्ष त्र, रकार, रफार, "वाऱ्या"तला तो अर्धचंद्र र, प्रत्येक वेलांटीची वेगवेगळ्या अक्षरांवरची लांबी. एका पाटीवर असतात सात-आठ अक्षरं, बाकीची तुला मनाने काढावी लागणार, आणि वेगवेगळ्या पेंटरांच्या पाट्या एकत्र केल्या तर ते एकाच हातचं वाटणारही नाही. त्यापेक्षा एक पाटी घे. एकच. त्या पेंटरने रंगवलेली अक्षरं आधी आहे त्या मापाने ट्रेस कर आणि मग त्याच हाताने एक नवीन शब्द लिहून दाखव, जो त्या पाटीवर नाहीये. "सराफ"वरून "फराळ" कर, म्हणजे फक्त ळ तुला शोधावा लागेल. असे काही शब्द झाले की छाप, लाव कुठेतरी.

मापाची अट पण घालून घे. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसला पोस्टाची तिकिटं छापतात, तेवढ्या आकारात तो शब्द बसव आणि तोच शब्द शटरएवढा कर. लहान केल्यावर कुठलं अक्षर बुजतं ते बघितलंस की क्लायंटचा लोगो मोबाइलच्या आयकॉनएवढा झाल्यावर काय होतं ते वेगळं शिकावं लागत नाही. हे झालं तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या क्लायंटच्या कामातली निम्मी सोडवणूक अशाच रिकामटेकड्या कामातून आलीये, पण ते काम क्लायंटला डोळ्यासमोर ठेवून करायला गेलं की त्याचा पोर्टफोलिओ होतो आणि मग त्यात मजा राहत नाही.

फोटो काढताना पाटीच्या बरोबर समोर उभा राहा, खालून वर कॅमेरा केलास की अक्षरं निमुळती येतात आणि ट्रेस चुकतं. गल्ली, दुकान, महिना लिहून ठेव. आणि कोपऱ्यात बारीक सही असते पेंटरची, तिचा वेगळा फोटो काढ. माणूस हयात असेल तर जाऊन भेट, विचारून घे. बहुतेक जण खूश होतात, एखादा म्हणतो कशाला, मग नाही वापरायचं.

---

वाड्यातला_पोरगा

ताई, "फराळ" आत्ताच वहीत काढून बघितलं. ळ चांगलाच छळतोय, दोन्ही गाठी सारख्या ठेवल्या की तो चष्म्यासारखा दिसतो. पप्पा कसा काढायचे?

अजून एक. मिसळवाल्यांना याच पाट्यांवरून सुचलेलं लेटरिंग दिलं तर ते त्यांचं झालं का माझं? उद्या मी खरंच फॉन्ट केला तर?

---

पेंटरची_लेक

उजवी गाठ थोडी मोठी आणि किंचित खाली उतरलेली. जुनी वही सापडली तर फोटो टाकते.

---

अनुस्वार

मालकीचं लेखी कर. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीने द्यावा लागतो, तोंडी "घ्या, तुमचंच आहे" याला अर्थ नाही. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतं. म्हणून बिलाच्या मागे चार ओळी असू देत, हे नाव या अक्षरांत लिहिलेलं तुमचं, कायमचं, बोर्ड, मेनू, पाकीट सगळीकडे वापरा, पण या वळणाची बाकी अक्षरं आणि पुढे होणारा फॉन्ट माझा. मिसळवाला याला कधीच नाही म्हणणार नाही, त्याला फॉन्टशी काय घेणं. फक्त हे अॅडव्हान्स घेतानाच, नंतर काढलं की त्याला वाटतं काहीतरी लपवतोय. काम मोठं असेल तर एखाद्या वकिलाकडून वाचून घे.

आणि ज्या पाटीवरून घेतलंस त्या पेंटरचं काय, तेही याच प्रश्नात येतं बरं का. वळणावरून शिकणं वेगळं आणि त्याचं नाव जसंच्या तसं उचलून लोगो करणं वेगळं.

---

वाड्यातला_पोरगा

ओके. दिंडोरीला फोन झाला, छपाई थेट फ्लेक्सो आहे, दोन रंग, ब्राऊन पुठ्ठा. म्हणजे माझं आत्तापर्यंतचं सगळं शेडिंग गेलं पाण्यात. शनिवारी पॅकहाउसला चाललोय, लेबल कुठे मारतात तेच बघायला. शाईदादा, खोकेवाल्यांकडून डायलाइन (उघडलेल्या खोक्याच्या घड्या-कापांचा आराखडा) मागवली तर ते म्हणतात कोरलड्रॉची फाइल देऊ, माझ्याकडे कोरल नाही.

---

शाई_आणि_कागद

पीडीएफ मागव, पण स्केल एकास एक असल्याचं लिहून घे आणि लांबी-रुंदी-उंची फोनवर विचारून त्याच्याशी ताडून बघ. आतलं माप का बाहेरचं तेही विचार, पुठ्ठ्याची जाडी धरून फरक पडतो. तुझी फाइल देताना सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून दे, नाहीतर आमच्या मशीनवर तुझा ळ उघडल्यावर चौकोन दिसेल. आणि रिकामा खोका एक घरी घेऊन ये शनिवारी, घडी उघडून जमिनीवर पसरव आणि त्याच्यावरच पेन्सिलने काढायला बस.